पाळणा, पाटी आणि आयुर्मान
(माळव्याच्या संदर्भात एक विचार)



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याजवळ मी इतिहास शिकलो. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात लढाया आणि तह यांविषयी बोलणे सोपे गेले असते, परंतु तो विषय मी घेतलेला नाही. माणसे किती वर्षे जगली आणि त्यांना किती मुले झाली, हाही इतिहासच आहे, असे गुरुजी म्हणत. तो बखरीत नसतो. तो जनगणनेच्या अहवालांत, घराण्यांच्या वंशावळींत आणि शाळेच्या नोंदवहीत असतो. आज त्याच इतिहासाचा थोडा विचार आपल्यापुढे ठेवतो.

आम्ही नववीत असताना गुरुजींनी आमची सहल मोहनखेड्यास नेली होती. सरदारपूरच्या वाटेवर राजगड लागते आणि राजगडच्या शेजारीच हे जैन तीर्थ आहे. त्या वेळी आजच्या एवढा त्याचा विस्तार नव्हता. आचार्य राजेंद्रसूरी यांची समाधी तेथे आहे. १८२७ ते १९०६ हा त्यांचा काळ. साठी उलटल्यावर त्यांनी ‘अभिधानराजेंद्र’ हा प्राकृत-संस्कृत महाकोश हाती घेतला आणि तेरा-चौदा वर्षे खपून पुरा केला; तो पुढे सात खंडांत रतलामहून छापला गेला. ऐंशीच्या घरात पोहोचलेला तो साधुपुरुष जन्मभर पायी हिंडला होता. हे ऐकून आमच्यापैकी एकजण म्हणाला, “गुरुजी, जुनी माणसं ऐंशी-ऐंशी वर्षं जगायची. आता औषधं खाऊन आयुष्य कमी झालंय.”

गुरुजींनी उत्तर दिले नाही. त्यांनी दहाजणांना समाधीबाहेरच्या अंगणात रांगेत उभे केले. “ही एका वाड्यात जन्मलेली दहा मुलं,” असे म्हणून त्यांनी चौघांना खाली बसवले. “ही पाच वर्षांच्या आत गेली. सरासरी एकेक वर्ष धरा. उरलेले सहा सरासरीने पंचेचाळीस वर्षं जगले. आता बेरीज करा.” सहा गुणिले पंचेचाळीस दोनशे सत्तर, त्यात चार मिळवले की दोनशे चौऱ्याहत्तर, भागिले दहा. उत्तर सत्तावीस. “यातला सत्ताविसाव्या वर्षी कोण मेला?” कोणीच नाही. “मग सरासरी आयुष्य सत्तावीस का आलं?” आम्ही खाली बसलेल्या चौघांकडे पाहू लागलो.

आयुर्मान या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. आजही सुशिक्षित लोक हा घोटाळा करतात. पूर्वीची माणसे तीस वर्षांची झाली की म्हातारी होत, असा कोणाचा समज असतो. पूर्वीची माणसे दीर्घायुषी होती, असे दुसरे कोणी छातीठोकपणे सांगतो. दोघेही चुकतात. वाचलेले माणूस तेव्हाही साठी-सत्तरी गाठू शके. खरा प्रश्न किती वाचत, हा होता. राजेंद्रसूरींचे निर्वाण झाले त्या दशकात, म्हणजे १९०१ ते १९११ या काळात, हिंदुस्थानचे सरासरी आयुर्मान तेवीस वर्षांच्या आसपास होते. पुढच्या दशकात ते विसापर्यंत खाली आले.

याच मुलखातले दुसरे उदाहरण घ्या. अहिल्याबाई होळकर १७२५ साली जन्मल्या आणि सत्तर वर्षे जगल्या. आपण त्यांच्या दीर्घ राज्यकारभाराविषयी बोलतो. त्या दीर्घायुष्यात त्यांनी काय पाहिले ते मात्र क्वचितच सांगितले जाते. पती कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ साली गेला, एकुलता मुलगा मालेराव १७६७ साली गेला, नातू गेला, जावई गेला आणि १७९१ साली मुलगी मुक्ताबाई सती गेली. महेश्वरच्या घाटावर उभ्या असलेल्या त्या वृद्धेच्या मागे स्वतःचा वंश उरला नव्हता. त्या काळी दीर्घ आयुष्य म्हणजे पुष्कळदा आपल्याच माणसांना पोहोचवत बसणे असे.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे. माळव्यात आलेल्या अनेक मराठी घरांप्रमाणे आमचेही पूर्वज पवारांच्या पदरी कारकुनीसाठी देशावरून आले. या ग्रंथात पुरुषांची नावे, हुद्दे, वतने यांचा तपशील भरपूर आहे. मध्येच एका ओळीत ‘बालपणीच वारला’ असे येते आणि पुढच्या पानावर पुन्हा तेच येते. मुलींच्या बाबतीत तेवढीही ओळ नाही. जगून सासरी गेलेल्या मुलींची नोंद आहे, गेलेल्या मुलींची नाही. म्हणजे या वंशावळीवरून मृत्यू मोजावयाचे तर ते निम्मेच हाती लागतात. गेलेल्या मुलानंतर झालेल्या मुलाचे नाव धोंडू, दगडू, भिकू किंवा कचरू ठेवीत. नको असलेली वस्तू समजून मृत्यूने त्याला सोडून जावे, ही त्यामागची कल्पना. आमच्या वंशावळीत धोंडू तीन आहेत. हे नाव दिसले की त्याच्या आधी एक कोरी जागा आहे असे समजावे.

सटवीचीही गोष्ट तशीच. पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहिते, म्हणून त्या रात्री जागायचे. नवजात बाळाचा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्याच्या सुमारासच दिसू लागतो. विळ्याने किंवा दगडाने कापलेली नाळ आणि तिच्यावर लावलेली राख किंवा शेण हे त्याचे कारण. आपल्या आज्या-पणज्यांना जंतू ठाऊक नव्हते. धोक्याची तिथी मात्र त्यांनी अचूक ओळखली होती, असा माझा तर्क आहे. भारतातून माता व नवजात यांचा धनुर्वात एक आरोग्यसमस्या म्हणून हटल्याचे प्रमाणित झाले ते २०१५ साली. सटवाईची रात्र शतकानुशतके जागवली गेली. तिच्यावरचा उपाय स्वच्छ पाते आणि आईच्या दंडातले टोचणे इतका साधा होता.

हे सारे गरिबीमुळे होत असे, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु राजवाड्यांत काय दिसते? धारचे दुसरे आनंदराव पवार १८०७ साली वारले तेव्हा त्यांच्या पत्नी मैनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला आणि राज्याला वारस मिळाला. ते मूल लहानपणीच गेले. मैनाबाईंनी बहिणीचा मुलगा दत्तक घेऊन, शिंदे-होळकरांच्या फौजा आणि पेंढारी यांच्या धुमाळीत, धारचे राज्य कसेबसे टिकवले. १८१९ साली धार इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेले. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंना १८५१ साली झालेला मुलगा अवघ्या काही महिन्यांत गेला. १८५३ साली घेतलेले दत्तक इंग्रजांनी मानले नाही. सातारा १८४८ साली आणि नागपूर १८५४ साली असेच खालसा झाले. डलहौसीच्या धोरणावर आपण पुष्कळ लिहिले आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या धोरणाला चालना मिळाली ती पाळण्यांतल्या मृत्यूंमुळे. दूध, तूप, दाई, वैद्य यांची वाण नसलेल्या घरांतही मुले जगत नव्हती. इंग्लंडातील उमरावांच्या वंशावळींवरूनही असेच दिसते की, अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांचे आयुर्मान सामान्य इंग्रजापेक्षा फारसे अधिक नव्हते. रोगाचे कारणच अज्ञात असेल तर पैसा काय विकत घेणार?

आता माळव्याच्या त्या अतिशय वाईट पंचवीस वर्षांकडे येतो. पावलोपावली भाकरी आणि पाणी देणारा मुलूख अशी माळव्याची कीर्ती होती. मारवाडात दुष्काळ पडला की तिकडची माणसे गुरे घेऊन इकडे येत. संवत १९५६ मध्ये, म्हणजे १८९९-१९०० साली, आसरा देणारा हा मुलूखच कोरडा पडला. लोक आजही त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात. मध्य हिंदुस्थान एजन्सीची लोकसंख्या १८९१ साली एक कोटी तीन लाख होती. १९०१ साली ती सुमारे शहाऐंशी लाख भरली. दहा वर्षांत दर सहा माणसांमागे एक कमी! दुष्काळात माणसे भुकेने मरतात हे खरे. पण त्याहून जास्त मरतात ती भुकेने खंगलेल्या शरीरात शिरलेल्या पटकीने, हगवणीने आणि पावसाळा परतल्यावर येणाऱ्या हिवतापाने. १९०१ च्या गणतीत धार संस्थानात एक लाख बेचाळीस हजार माणसे होती; देवासच्या थोरल्या पातीत बासष्ट हजार आणि धाकट्या पातीत पंचावन्न हजारांच्या आत. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार. उंदरांना आणि पिसवांना ही सरहद्द ठाऊक नव्हती.

प्लेग १८९६ साली मुंबईत उतरला आणि रेल्वेने देशभर गेला. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून त्याच वर्षीच्या जानेवारीत प्रथम स्वतःला टोचून घेतली. नवे शतक उजाडताच माळव्यातली शहरेही प्लेगने ओस पडू लागली. मग १९१८ साली इन्फ्ल्युएंझा आला. आपल्या आज्या त्याला मानमोडी म्हणत. हिंदुस्थानात त्याने काही महिन्यांतच सव्वा कोटीच्या आसपास, काहींच्या मते त्याहूनही बरीच अधिक माणसे नेली. त्यात वीस ते चाळीस वयाच्या बायका-पुरुषांचा भरणा मोठा होता. परिणामी पुढच्या वर्षी देशभर जन्मही घटले. १९११ साली हिंदुस्थानची लोकसंख्या पंचवीस कोटी एकवीस लाख होती, ती १९२१ साली पंचवीस कोटी तेरा लाख झाली. घरोघर पाळणे हलत असूनही देश दहा वर्षांत लहान झाला.

मला येथे थोडे थांबावेसे वाटते. या काळातल्या बाईला सात-आठ मुले होत आणि त्यांतली तीन-चार जगत. ‘अज्ञानामुळे त्यांना मुले फार होत’ असे वाक्य आपण सहज बोलून जातो. म्हातारपणी दोन मुलगे हाताशी असावेत असे ज्या घराला वाटे, त्या घराला त्यासाठी किती जन्म लागत, याचा हिशेब करून पाहा. त्यांचा हिशेब चुकलेला नव्हता. तो मृत्यूच्या दराने केलेला होता. तो बदलायला दोन गोष्टी हव्या होत्या. मूल जगेल असा भरवसा हवा आणि आईला त्या हिशेबात बोलण्याचा अधिकार हवा. माझ्या आजच्या सगळ्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे.

भरवसा कसा निर्माण होतो, याचे एक रम्य उदाहरण आपल्या शेजारच्या इंदूरचे आहे. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून तेथे आले. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. गावात प्लेगची धास्ती होती. सक्तीने घरे धुऊन काढण्याचा, माणसांना छावण्यांत नेण्याचा इंग्रजी खाक्या पुण्यात किती महाग पडला होता, हे सर्वांना माहीत होते. गेडिसनी दिवाळीची मिरवणूक योजली. ज्या रस्त्यावर घरे जास्तीत जास्त स्वच्छ आणि दुरुस्त होतील त्या रस्त्याने ती जाईल, असे त्यांनी जाहीर केले. लोकांनी कचऱ्याचे ढीग उपसले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता आणि पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, गळ्यात हार घातलेले शहराचे सफाई कामगार मानाने चालत होते. हा प्रकार काहीसा नाटकी होता, हे खरे. पण ज्यांच्या हातांवर शहराचे आयुर्मान अवलंबून आहे त्यांना मिरवणुकीत पुढे ठेवण्याची बुद्धी त्या परदेशी माणसाला झाली, आपल्याला शतकानुशतके झाली नाही, एवढे मला नमूद करावेसे वाटते.

१९२१ नंतर मात्र वळण लागले. लोकसंख्याशास्त्राचे अभ्यासक त्या वर्षाला विभाजक वर्ष मानतात. मृत्यूचे प्रमाण उतरू लागले आणि पुन्हा तसे वर कधी गेले नाही. त्याची कारणे दुष्काळात धान्य पोहोचवणारी रेल्वे, देवीची लस, ओसरलेला प्लेग आणि स्वातंत्र्यानंतर हिवतापावरची फवारणी ही होत. १९४१ ते १९५१ या दशकात आयुर्मान बत्तीस वर्षांवर आले. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. आमच्या धार-झाबुआच्या भागात नारूचा रोग पायऱ्यांच्या विहिरींतून पसरे. पायातून हातभर दोरा काढणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. नारू क्वचितच जीव घेई, पण ऐन पेरणीत माणसाला जायबंदी करी. आणि माळव्याचे पीक असलेली अफू! कामावर जाणाऱ्या आया मूल झोपावे म्हणून त्याला अफूची गोळी देत. माळव्यात देत तशीच मुंबईच्या गिरणगावातही देत. कामाच्या जागी पाळणाघर मिळाल्याशिवाय ही गोळी सुटणार नव्हती.

पण वळण सगळीकडे सारखे नव्हते. मैनाबाई धारचा किल्ला राखत होत्या त्याच दशकात, १८१७ साली, त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाईंनी प्रजेच्या शिक्षणाचा खर्च राज्याने सोसावा असा हुकूम काढला. १८७९ साली तेथे सरकारी नोकर, कैदी आणि विद्यार्थी यांना देवी काढून घेणे सक्तीचे झाले. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी १९०४ साली बालविवाहास आळा घालणारा कायदा आणि १९०६ साली राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ साली तेच केले. आमच्या संस्थानिकांच्या सत्कृत्यांचा मी उपमर्द करू इच्छित नाही. धारला गेल्या शतकाच्या आरंभी बायकांवर बायकांनीच उपचार करण्याची सोय होती, ती कॅनडाच्या मिशनच्या डॉ. मार्गारेट ओहारा यांच्यामुळे, आणि दरबाराने त्यांना थारा दिला. परंतु दवाखाना एका गावाला पुरतो. शाळा खेडोपाडी लागते.

अलीकडचे आकडे पाहा. २०१४ ते २०१८ या काळात केरळचे आयुर्मान पंचाहत्तर वर्षांहून थोडे अधिक होते, महाराष्ट्राचे साडेबहात्तर आणि मध्य प्रदेशाचे साडेसहासष्ट. म्हणजे कोचीत जन्मलेल्या मुलाला धारच्या मुलापेक्षा सरासरीने जवळजवळ नऊ वर्षे अधिक. हे माती-पाण्याचे फळ म्हणावे, तर मलबारचे उदाहरण आडवे येते. तो ब्रिटिश अमदानीतला जिल्हा १९५६ साली केरळात आला तेव्हा त्रावणकोरच्या बराच मागे होता. शाळा आणि दवाखाने पोहोचल्यावर दोन-तीन दशकांत त्याने ते अंतर पुष्कळसे कापले. श्रीमंतीनेही याचा उलगडा होत नाही. श्रीलंका आणि कोस्टारिका या देशांनी साध्या मिळकतीवर दीर्घ आयुर्मान साधले. अमेरिका औषधोपचारावर जगात सर्वांत जास्त खर्च करूनही इतर श्रीमंत देशांच्या मागे आहे. आयुर्मान एकदा वाढले की वाढतच जाते असेही नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर रशियातील पुरुषांचे आयुर्मान १९९४ पर्यंत सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांवर घसरले होते.

आता पाळण्याची दुसरी बाजू. १९२१ साली, लोकसंख्या घटल्याचे जनगणनेने दाखवले त्याच वर्षी, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षीचे. लोकसंख्या फुगली म्हणून कर्वे पुढे आले, हा समज त्यामुळे टिकत नाही. त्यांचा मुख्य मुद्दा बाईच्या आरोग्याचा आणि तिच्या स्वातंत्र्याचा होता. त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली, खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. ‘समाजस्वास्थ्य’ त्यांनी १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चालवले. १९३८ साली डॉ. आंबेडकरांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. म्हैसूर संस्थानाने मात्र १९३० सालीच सरकारी केंद्रे उघडली होती. कर्व्यांच्या पिढीआधी आनंदीबाई जोशी होऊन गेल्या. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, आणि ते मूल दहा दिवसांत गेले. वैद्यकीय मदत वेळेवर मिळती तर ते वाचते, या जाणिवेतून ती मुलगी अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाली आणि पुढल्याच वर्षी, बावीस पुरी होण्याआधी, क्षयाने गेली.

त्यांच्यानंतर सत्तर वर्षांनी आमच्या घरात काय घडले ते सांगितले पाहिजे, कारण त्याचा संबंध या शाळेशी आणि गुरुजींशी आहे. माझी थोरली बहीण, आक्का, येथेच आठवीत होती. १९५८ साल असावे. तिचे लग्न ठरले. कायद्याने मुलीचे वय तेव्हा पंधरा हवे होते आणि आक्काला पंधरावे नुकतेच पुरे झाले होते. गुरुजी संध्याकाळी घरी आले. माजघराच्या दारातून मी ऐकत होतो.

“अण्णासाहेब, मुलगी हुशार आहे. मॅट्रिक होऊ द्या. तीन वर्षांचा तर प्रश्न आहे.”

“गुरुजी, तुमचं म्हणणं कळतंय. पण चालून आलेलं स्थळ आहे. धाकटी पाठीवर आहेच. तिच्या वेळी बघू.”

गुरुजींनी चहा घेतला आणि ते गेले. आक्का अठराव्या वर्षी पहिल्या बाळंतपणात गेली. मूलही वाचले नाही. पुढच्या जूनमध्ये अण्णा स्वतः धाकटीची फी घेऊन शाळेत आले. ती मॅट्रिक झाली, पुढे शिकली, शिक्षिका झाली, तिला दोन मुले झाली आणि आज ती माझ्यासमोर पहिल्या रांगेत बसली आहे. अण्णांना दुष्ट म्हणता येणार नाही. चारचौघे करत होते तेच त्यांनी केले. मुलीचे विवाहाचे वय अठरा झाले ते १९७८ साली.

या व्याख्यानाच्या निमित्ताने मुख्याध्यापकांनी मला शाळेची जुनी दाखल-खारीज नोंदवही पाहू दिली. शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात मुलांपुढे ‘बदली’, ‘गरिबी’, ‘नापास’ असे शेरे आहेत. अधूनमधून ‘मयत’ आहे; पूर्वीच्या पानांवर जास्त, पुढे पुढे विरळ. मुलींपुढे पानामागून पान ‘विवाह’ आहे. साठनंतरच्या पानांवर तो शब्द हळूहळू खालच्या वर्गांकडून वरच्या वर्गांकडे सरकत जातो. जननदराचा इतका बोलका आलेख मला कोणत्याही अहवालात सापडला नाही.

अहवाल अर्थात तेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ साली, मध्य प्रदेशात एका स्त्रीला सरासरी ३.९ मुले होत. २०१९-२१ च्या फेरीत ती संख्या २.० वर आली. त्यापूर्वी आणीबाणी होऊन गेली होती. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. त्या सक्तीने जननदर खाली आला नाही. पुरुष त्या शस्त्रक्रियेपासून कायमचे दूर पळाले आणि भार पुन्हा बायकांवर पडला. एक काळी कडाही सांगितली पाहिजे. मुले कमी हवीत पण मुलगा हवाच, या हट्टाचा हिशेब गर्भातच होऊ लागला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. त्याच साली सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ नाव असलेल्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. आपल्याकडे धोंडू हे नाव मूल जगावे म्हणून ठेवीत. नकुशीचे कारण वेगळे होते.

शेवटी एका पत्राचा उल्लेख करतो. माजी विद्यार्थी संघातील एका ज्येष्ठ मित्राने मला लिहिले आहे की, शाळेतील मराठी मुलांची संख्या घटत चालली आहे, माळव्यातले मराठी कुटुंब एका मुलावर येऊन ठेपले आहे, तेव्हा व्याख्यानात तरुण दांपत्यांना अधिक मुलांचा आग्रह करावा. त्यांची तळमळ मला कळते. रिकाम्या बाकांचे दुःख मलाही आहे. परंतु हा आग्रह जगात कोठे यशस्वी झाला? रुमानियाने १९६६ साली गर्भपातावर बंदी घालून जन्म दुप्पट केले; थोड्याच वर्षांत दर पुन्हा उतरला, मात्र चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत राहिल्या. सिंगापूरने आधी ‘दोनवर थांबा’ म्हटले, १९८७ पासून ‘झेपत असेल तर तीन होऊ द्या’ म्हटले. २०२३ साली तेथील सरासरी एकाच्याही खाली होती. दक्षिण कोरियात त्याच वर्षी ती ०.७२ होती. तेथे मुली भरपूर शिकल्या, पण घरचे काम, मुलांच्या शिकवण्यांचा खर्च आणि कचेरीचे तास जसे होते तसेच राहिले. मूल न होऊ देण्याची सक्ती आणि मूल होऊ देण्याची सक्ती या दोन्हींत बाईला विचारायचे राहून जाते.

माझ्या मित्राला मी उत्तर लिहिले आहे की, शाळेने पाळणाघर काढावे. नोकरी करणाऱ्या तरुण आया आपल्या माजी विद्यार्थिनीच आहेत. त्यांना सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मूल ठेवायला विश्वासाची जागा नाही. मागील अंगणाकडच्या दोन खोल्या गेली काही वर्षे कुलूपबंद आहेत. खर्चाचा अंदाज मी कार्यकारिणीकडे दिला असून माझ्या धाकट्या बहिणीने पहिल्या वर्षाची देखरेख पत्करली आहे. नोंदवहीतल्या आक्काच्या ओळीचीही मी प्रत करून घेतली आहे. वर्ग आठवा, कारण विवाह. आणि शेजारी गुरुजींच्या अक्षरात, शिसपेन्सिलीने, ‘घरी भेटलो’.